लाटेकचं पॅकेज लिनक्स डिस्ट्रोत घालायचंय? आधी लायसन्सचा गुंता सोडवा

लाटेक म्हणजे टेक या प्रोग्रामवर उभी असलेली, पुस्तकं-प्रबंध टाइपसेट करायची प्रणाली, आणि डिस्ट्रो म्हणजे डेबियन-फेडोरासारखं लिनक्सचं तयार वितरण. डिस्ट्रोत घालायला पाठवलेलं माझं पहिलं पॅकेज परत आलं तेव्हा बिल्ड एकदम स्वच्छ होतं. लिंटियन या पॅकेज तपासणाऱ्या प्रोग्रामची एकही वॉर्निंग नाही, मॅन्युअलची पीडीएफ बनत होती, टेस्ट पास. परत आलं ते 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरमधल्या एका फाइलीमुळे, जी मी कधी उघडूनसुद्धा बघितली नव्हती. कॉपीराइट फाइलीत मी बिनधास्त लिहिलेलं की सगळं एलपीपीएल (लाटेकवाल्यांचं फ्री लायसन्स), आणि त्या फॉन्टच्या पोटात स्पष्ट लिहिलेलं की फक्त वैयक्तिक वापरासाठी. चूक शंभर टक्के माझीच. तेव्हापासून मी उलट्या क्रमाने काम करतो, आधी लायसन्स आणि मग पॅकेजिंग, आणि हा लेखही त्याच क्रमाने लिहितोय.

उदाहरण डेबियनचं घेतो, कारण तिथले नियम कडक आहेत आणि लिहून ठेवलेले आहेत. फेडोरात स्पेक फाइल, आर्चमध्ये पीकेजीबिल्ड, नावं बदलतात, पण लायसन्स वाचायचं डोकं सगळीकडे तेवढंच लावावं लागतं. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराने लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

सुरुवातीलाच एक गोष्ट तपासा, नाहीतर आठवडाभराचं काम वाया जातं. तुम्हाला हवी असलेली स्टाइल किंवा क्लास फाइल (डॉक्युमेंटचं रूप ठरवणारी लाटेकची फाइल) आधीच डिस्ट्रोत असण्याची शक्यता खूप जास्त आहे. 'एपीटी-फाइल सर्च' करून फाइलीचं नाव शोधा. टेक लाइव्ह नावाचा टेक-लाटेकचा जो मोठा संच आहे तो सीटॅन या टेकच्या ऑनलाइन भांडारातून पॅकेजेस उचलतो, आणि डेबियन तो संच तोडून 'टेक्सलाइव्ह-लाटेक-एक्स्ट्रा', 'टेक्सलाइव्ह-फॉन्ट्स-एक्स्ट्रा' अशा मोठमोठ्या गठ्ठ्यांमध्ये देतं. म्हणजे लेखकाने साधं लाटेक पॅकेज लिहिलंय आणि ते अजून सीटॅनवर नाहीये, तर सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे लेखकाला तिथे अपलोड करायला लावणं. लायसन्स फ्री असेल तर टेक लाइव्ह ते घेईल, आणि पुढच्या वेळी डिस्ट्रोतही आपोआप येईल, तुम्हाला काहीच करायला नको. वेगळं पॅकेज करायचं ते स्वतंत्र प्रोग्राम असेल तर, जसं साइल किंवा टिप्स्ट, किंवा फॉन्टचा संच असेल, किंवा काही कारणाने ती गोष्ट सीटॅनवर जाणारच नसेल.

तपासून झालं, वेगळं पॅकेज लागणारच आहे असं ठरलं, तर डेबियनमध्ये 'डब्ल्यूएनपीपी' या नव्या कामांच्या यादीवर आयटीपी बग ('हे पॅकेज मी करतोय' अशी नोंद) टाका, म्हणजे दुसरा कोणी तेच काम करत बसणार नाही. हे पाच मिनिटांचं काम.

आता झिप उघडूया. पुढचं उदाहरण कुठलं एक खरं पॅकेज नाहीये, मला वेगवेगळ्या ठिकाणी भेटलेल्या भानगडी एकाच झिपमध्ये कोंबल्यात. प्रबंधासाठीचा एक क्लास आहे असं धरा. आत एक रीडमी, एक डीटीएक्स (कोड आणि टिपणं एकत्र असलेला सोर्स), एक आयएनएस (त्यातून क्लास काढणारी स्क्रिप्ट), तयार बनवलेली सीएलएस (म्हणजे क्लास), एक बीएसटी (संदर्भसूचीची स्टाइल), फॉन्ट्स फोल्डरमध्ये दोन ओटीएफ फॉन्ट, एक मॅन्युअल पीडीएफ, एक आयसीसी प्रोफाइल (रंगांची माहिती) आणि एक लोगो. रीडमीत एकच ओळ, 'लायसन्स: जीपीएल', म्हणजे फ्री सॉफ्टवेअरचं एक प्रसिद्ध लायसन्स.

बहुतेक जण ती एक ओळ वाचतात, कॉपीराइट फाइलीत 'फाइल्स: स्टार (म्हणजे सगळ्या), लायसन्स: जीपीएल' लिहितात आणि पुढे जातात. मीही तेच केलं होतं. लायसन्स प्रोजेक्टला नसतं हो, फाइलीला असतं. टेकच्या जगात तर जास्तच, कारण इथे लोक चाळीस वर्षं एकमेकांच्या फाइली उचलून आपल्या झिपमध्ये टाकत आलेत आणि तेव्हा कोणाला लायसन्सचं पडलेलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम यंत्राकडून करून घ्या, 'लायसन्सचेक' रिकर्सिव्ह चालवा आणि आउटपुट एका फाइलीत ठेवा. पण त्याच्यावर विसंबू नका, त्याला डीटीएक्सचा माथा कधी कळतो कधी नाही, आणि बायनरी फाइलींसमोर तर ते आंधळंच. त्यानंतर 'ग्रेप' लावून कॉपीराइट, लायसन्स, परमिशन, रीडिस्ट्रिब्यूट, कमर्शियल, मॉडिफाय हे शब्द शोधा. मग प्रत्येक फाइल हाताने उघडा, प्रत्येक. दीडशे फाइली असतील तर एक संध्याकाळ जाते, जाऊ दे.

आपल्या झिपमध्ये डीटीएक्स उघडली तर माथ्यावर लिहिलंय, एलपीपीएल १.२ किंवा तुमच्या मर्जीने पुढची कुठलीही आवृत्ती. रीडमी म्हणते जीपीएल. इथेच घोडं पेंड खातं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या (एफएसएफ) यादीत एलपीपीएल फ्री आहे पण जीपीएलशी जुळत नाही, त्यामुळे 'दोन्ही चालेल' असं आपण स्वतःच ठरवू शकत नाही. लेखकाला खरंच दोन्ही द्यायची असतील तर ते त्याने लिहून द्यायला हवं. माझा अनुभव असा की रीडमी बहुधा रेपॉझिटरी बनवताना घाईत लिहिलेली असते आणि फाइलीचा माथा लेखकाच्या मनातला असतो, पण हा अंदाज झाला, पुरावा नाही, विचारावंच लागतं.

एलपीपीएलबद्दल थोडं सविस्तर, कारण लाटेकच्या दुनियेत बहुतेक वेळा हेच लायसन्स भेटतं आणि कोणी वाचत नाही. टेकचं मूळ तत्त्वच असं की डोनाल्ड नथ म्हणाले, कोड घ्या, पण बदललात तर त्याला टेक म्हणू नका. कारण साधं आहे, आज टाइपसेट केलेलं पान वीस वर्षांनी दुसऱ्या मशीनवर तसंच्या तसं यायला हवं. लाटेकवाल्यांनी तोच विचार १९९९ मध्ये एलपीपीएलमध्ये आणला आणि १.२ पर्यंत नियम होता की फाइल बदललीत तर फाइलीचं नावच बदला. डेबियनच्या लोकांना हे झेपेना. २००२-०३ च्या सुमारास दोन्ही बाजूंची प्रचंड वादावादी झाली, आणि त्यातून १.३ आलं. आता नाव तेच ठेवता येतं, फक्त बदललेली फाइल चालताना स्वतःची ओळख जिथे देते तिथे 'मी बदललेली आहे' असं स्पष्ट सांगायला हवी, शिवाय काय बदललं ते फाइलीत किंवा सोबतच्या लॉगमध्ये लिहायचं, मूळ लेखक या बदललेल्या आवृत्तीला सपोर्ट देतो असं भासवायचं नाही, आणि मूळ आवृत्ती एकतर सोबत द्यायची नाहीतर ती कुठे मिळेल ते सांगायचं. सध्या चालू आहे ती १.३सी.

म्हणजे 'किंवा पुढची आवृत्ती' हे शब्द दिसले की सुटलो, आपण १.३सी धरायची. ते शब्द नसतील आणि नुसतं १.२ किंवा १.० असेल तर लेखकाला १.३सी वर यायची विनंती करा, बहुतेक जण लगेच हो म्हणतात.

अजून एक कलम आहे जे मला खूप उशिरा कळलं. एलपीपीएल म्हणतं की कामाचा फक्त काही भाग वाटणं म्हणजेसुद्धा बदल. आपण नॉन-फ्री फॉन्ट काढून टारबॉल (सोर्सचा गठ्ठा) परत बांधला की आपण कोडची एक ओळही न बदलता 'बदललेली आवृत्ती' वाटतोय. त्यामुळे वरच्या सगळ्या अटी लागू. हे लक्षात ठेवा, पुढे याच धाग्यावर परत येऊ.

बीएसटी फाइल घ्या. ही कोणीतरी बिबटेक या संदर्भसूची बनवणाऱ्या प्रोग्रामच्या प्लेन स्टाइलवरून बनवलेली. मूळ फाइलींच्या माथ्यावर बिबटेकचे लेखक ओरेन पटाश्निक यांची नोट आहे, जशीच्या तशी कितीही वाटा, बदल केलात तरी वाटा, पण मग नाव बदला. चालतंय. डेबियनच्या फ्री सॉफ्टवेअर गाइडलाइन्समधलं (डीएफएसजी) चौथं कलम नाव बदलायची अट मान्य करतं. आपल्या झिपमधल्या भल्या माणसाने फाइल बदलली, आणि नाव 'प्लेन' च ठेवलं! इथे लेखकाकडून नाव बदलून घ्यायचं, सोबत क्लासमध्ये जिथे ती स्टाइल बोलावली जाते तिथेही. एक जण नाव बदलायला तयार नव्हता, म्हणाला तीस वर्षं कोण बघतंय. बघतात. रिव्ह्यूला बसलेले लोक नेमकं हेच बघतात.

जुन्या फाइलींत काही वाक्यं वारंवार भेटतात, ती ओळखायला शिका. 'फ्रीली डिस्ट्रिब्यूटेबल' म्हणजे वाटायची परवानगी, बदलायची नाही, त्यामुळे पुरेसं नाही. 'फॉर अकॅडेमिक यूज' आणि 'नॉन-कमर्शियल' सरळ नापास, क्रिएटिव्ह कॉमन्सचं एनसी आणि एनडीसुद्धा. 'नॉट टू बी सोल्ड' नापास, सीटॅनच्या कॅटलॉगमध्ये तर यासाठी 'नोसेल' असा वेगळा शिक्काच आहे. 'पब्लिक डोमेन' बहुतेकदा चालतं पण लेखकाने स्वतः म्हटलेलं असलं पाहिजे. आणि ज्या फाइलीवर काहीच लिहिलेलं नाही ती मोकळी नसते, उलट ती सगळ्यात बंद असते, कारण कायद्याने सगळे हक्क लेखकाकडे राहतात. नवशिके इथे हमखास फसतात.

आता मॅन्युअल पीडीएफ. आहे छान, पण तिचा टेक सोर्स झिपमध्ये नाही. त्याच गाइडलाइन्सचं दुसरं कलम सोर्स मागतं, आणि पीडीएफ म्हणजे सोर्स नव्हे. डीटीएक्समधून तेच मॅन्युअल बनत असेल तर प्रश्न मिटला, बिल्डच्या वेळी बनवा. नसेल तर लेखकाकडे टेक फाइल मागा, मिळाली नाही तर पीडीएफ काढून टाका. डॉक्युमेंटेशनचं लायसन्स कोडपेक्षा वेगळं असणं ही पण नेहमीची गोष्ट, कॉन्टेक्स्ट या टेकवरच्या दुसऱ्या प्रणालीचा कोड डेबियनच्या मेन या मुख्य विभागात गेला पण त्याची एनसी अट असलेली मॅन्युअल्स 'कॉन्टेक्स्ट-डॉक-नॉनफ्री' मध्ये वेगळी काढावी लागली. जीएफडीएलचं (जीएनयूचं डॉक्युमेंटेशनसाठीचं लायसन्स) मॅन्युअल असेल तर त्यात 'इन्व्हेरियंट सेक्शन', म्हणजे बदलायची मनाई असलेले भाग, नाहीत ना बघा. नसतील तर चालतं, डेबियनने २००६ मध्ये मतदान करून ते ठरवलंय.

फॉन्ट हा सगळ्यात मोठा खड्डा. ओटीएफचं लायसन्स बाजूच्या टेक्स्ट फाइलीत असतं असं समजू नका, ते फॉन्टच्या आत नेम टेबलमध्ये असतं. 'ओटीएफइन्फो डॅश आय' चालवा, कॉपीराइट आणि लायसन्सच्या ओळी समोर येतात. नाहीतर फॉन्टटूल्समधल्या 'टीटीएक्स' ने एक्सएमएल काढून वाचा. बाहेरच्या फाइलीत ओएफएल (फॉन्टसाठीचं खुलं लायसन्स) आणि आत 'ऑल राइट्स रिझर्व्ह्ड' असं मला एकदा नाही, दोनदा भेटलंय.

आपल्या झिपमधल्या दोन फॉन्टपैकी एक ओएफएलचा निघाला. ओएफएल १.१ डेबियन घेतं, पण त्यातली 'रिझर्व्ह्ड फॉन्ट नेम' ची ओळ बघा. ती असेल आणि तुम्ही फॉन्ट बदललात, एखादा ग्लिफ दुरुस्त केलात, तर ते राखीव नाव वापरता येत नाही. त्याहून सोपं म्हणजे तो फॉन्ट डिस्ट्रोत आधीच वेगळ्या पॅकेजमध्ये आहे का बघायचं, आणि असेल तर झिपमधली कॉपी काढून त्या पॅकेजवर डिपेंडन्सी लावायची. दुसरा फॉन्ट वैयक्तिक वापराचा, म्हणजे बाहेरच. याला तोड नाही. लक्सी मोनोचंच बघा, दिसायला सुंदर, वाटायला परवानगी, पण बदलायला नाही, म्हणून टेक लाइव्हमध्ये तो नाही आणि लोकांना 'गेटनॉनफ्रीफॉन्ट्स' नावाची स्क्रिप्ट चालवून स्वतः आणावा लागतो. उलट लॅटिन मॉडर्न, टेक जायर वगैरे फॉन्ट गस्ट फॉन्ट लायसन्सखाली आहेत, ते एलपीपीएलवरच बेतलेलं आहे, बिनघोर वापरा. जीपीएलचा फॉन्ट असेल तर 'फॉन्ट एक्सेप्शन' आहे का बघा, म्हणजे पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झाला म्हणून वापरणाऱ्याच्या डॉक्युमेंटवर जीपीएल येतं का हा वाद उरत नाही.

आयसीसी प्रोफाइलवर 'बदलू नये' असं असतं बऱ्याचदा. काढा आणि 'आयसीसी-प्रोफाइल्स-फ्री' मधली वापरा. लोगोचं म्हणाल तर ती संस्थेची मालमत्ता, लेखकाची नाहीच, तो परवानगी देऊच शकत नाही. तोही काढा आणि क्लासमध्ये अशी सोय करा की लोगोची फाइल सापडली तर लावा नाहीतर रिकामी चौकट.

आता लेखकाला मेल. लोक इथे उगाच घाबरतात किंवा उगाच लांबण लावतात. 'तुमच्या लायसन्समध्ये प्रॉब्लेम आहे' अशी सुरुवात करू नका, माणूस दार लावून घेतो. आणि ताकाला जाऊन भांडंही लपवू नका, काय हवंय ते पहिल्या तीन ओळींत सांगा. मी साध्या इंग्रजीत लिहितो, मतलब साधारण असा:

'नमस्कार, आपला क्लास मी वापरतो आणि तो डेबियनमध्ये आणायचं काम करतोय. तीन गोष्टींत आपली मदत हवी. एक, रीडमीत जीपीएल आहे आणि डीटीएक्समध्ये एलपीपीएल १.२ किंवा पुढची, आपल्याला कुठलं अभिप्रेत आहे? दोन, मॅन्युअलची टेक फाइल झिपमध्ये घालता येईल का? तीन, बीएसटीचं नाव बदलावं लागेल कारण मूळ फाइलीची ती अट आहे, मी पॅच सोबत जोडलाय. आपल्याला सोयीचं असेल तर हे बदल पुढच्या रिलीजमध्ये आले तर उत्तम, नाहीतर या मेलला उत्तर दिलंत तरी चालेल, मात्र ते उत्तर मी पॅकेजमध्ये सार्वजनिक ठेवेन. धन्यवाद.'

बस. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, उत्तर सार्वजनिक होणार हे आधी सांगा. लेखकाचं उत्तर आलं की ते तारखेसकट डेबियन फोल्डरमधल्या कॉपीराइट फाइलीत चिकटवता येतं. पण नवीन रिलीजमध्येच दुरुस्ती झाली तर ते केव्हाही चांगलं, कारण मग फेडोरावाल्याला आणि आर्चवाल्याला तोच मेल परत पाठवायला लागत नाही. आणि एका गोष्टीकडे डोळेझाक करू नका, क्लासमध्ये इतर चार जणांचा कोड असेल तर लायसन्स बदलायला त्या चौघांचाही होकार लागतो, एकट्या लेखकाचा नाही.

मेल बाउन्स झाला तर? एलपीपीएलमध्ये यासाठी चक्क रस्ता आहे. सांभाळणाऱ्याशी सहा महिने संपर्कच होत नसेल आणि कामाची दुसरी काही हालचाल दिसत नसेल तर ते काम 'अनमेंटेन्ड' धरलं जातं. तुम्ही त्याला शोधायचा रीतसर प्रयत्न करायचा, मग 'मी हे सांभाळायला घेतोय' असं संबंधित लोकांमध्ये जाहीर करायचं, तीन महिने कोणी हरकत घेतली नाही तर तुमचं नाव सांभाळणारा म्हणून लावता येतं. फक्त याने लायसन्स बदलत नाही हां, एलपीपीएलचं एलपीपीएलच राहतं. गायब झालेल्या लेखकाची 'नो कमर्शियल' फाइल या वाटेने फ्री होत नाही, ती नव्याने लिहायची किंवा सोडून द्यायची.

इतकं झालं की मग पॅकेजिंग, आणि खरं सांगतो, ते सोपं आहे. कॉपीराइट फाइल मशीनला वाचता येईल अशा फॉरमॅटमध्ये लिहायची. तिच्या सुरुवातीच्या भागात 'फाइल्स-एक्सक्लूडेड' नावाची ओळ असते, तिथे काढायच्या फाइलींची नावं द्या, 'यूस्कॅन' नवीन टारबॉल आणताना त्या आपोआप गाळतो. वॉच फाइलीत (यूस्कॅनची सेटिंग) रीपॅक सफिक्स, म्हणजे परत बांधलेल्या टारबॉलच्या आवृत्तीचं शेपूट, 'प्लस डीएफएसजी' ठेवा. नॉन-फ्री म्हणून काढलं तर डीएफएसजी, नुसती जागा वाचवायला काढलं तर डीएस. आपल्या उदाहरणात कॉपीराइटचा गाभा असा दिसेल, किल्ल्या अर्थात इंग्रजीत:

फाइल्स-एक्सक्लूडेड: मॅन्युअल पीडीएफ, फॉन्ट्स फोल्डर, आयसीसी, लोगो
फाइल्स: स्टार — लायसन्स: एलपीपीएल-१.३सी
फाइल्स: बीएसटी — लायसन्स: बिबटेकची मूळ नोट, पूर्ण मजकुरासकट
फाइल्स: डेबियन/स्टार — तुमचं नाव, आणि शक्यतो अपस्ट्रीमचंच (मूळ प्रोजेक्टचंच) लायसन्स

क्रम महत्त्वाचा, एकच फाइल दोन परिच्छेदांत बसत असेल तर शेवटचा लागू होतो, म्हणून 'स्टार' नेहमी वर. जीपीएलचा मजकूर सिस्टिमवर कॉमन-लायसन्सेसमध्ये असतो, तिकडे बोट दाखवलं की झालं, एलपीपीएलचा मात्र पूर्ण चिकटवा.

कंट्रोल फाइलीत आर्किटेक्चर 'ऑल', सेक्शन 'टेक', बिल्ड-डिपेंड्समध्ये डेबहेल्पर-कॉम्पॅट १३, टेक-कॉमन आणि लागतील तेवढीच टेक्सलाइव्ह पॅकेजेस. 'टेक्सलाइव्ह-फुल' वर डिपेंडन्सी लावू नका, कृपा करा, माणसाला एक क्लास हवा असतो आणि डिस्कवर जीबीच्या जीबी उतरतात. नेमकं काय लागतं ते कळायला एक नमुना डॉक्युमेंट 'डॅश रेकॉर्डर' लावून कंपाइल करा, एक एफएलएस फाइल मिळते, तिच्यात वाचलेल्या प्रत्येक फाइलीचा पाथ असतो, तो 'डीपीकेजी डॅश एस' ला (एस कॅपिटल) दिला की कुठल्या पॅकेजातून आली ते कळतं.

रूल्स फाइलीत 'डीएच विथ टेक' लिहिलं की 'डीएच-इन्स्टॉलटेक' चालतं आणि फॉन्टचे मॅप, फॉरमॅट वगैरे नोंदवायचं ते बघतं. फाइली 'यूएसआर/शेअर/टेक्सएमएफ' खाली टेक, लाटेक, आणि मग तुमच्या पॅकेजचं नाव अशा झाडात ठेवा. टेक लाइव्हच्या स्वतःच्या डिस्ट फोल्डरमध्ये घुसू नका.

झिपमधली तयार सीएलएस वापरू नका, आयएनएस चालवून डीटीएक्समधून बनवा. इथे एक गंमत आहे जिच्यात माझी अर्धी रात्र गेली. सीएलएस आधीच तिथे असेल तर डॉकस्ट्रिप (डीटीएक्समधून कोड काढणारं साधन) विचारतं, ओव्हरराइट करू का? बिल्डला टर्मिनल नसतं, उत्तर द्यायला कोणी नाही, आणि नॉनस्टॉप मोडमध्ये टेक 'टर्मिनलवरून वाचता येत नाही' म्हणून मान टाकतं. माझ्या मशीनवर चालायचं कारण तिथे मी आधीच फाइल उडवलेली होती. उपाय एका ओळीचा, आयएनएस चालवायच्या आधी जुनी सीएलएस डिलीट करा.

मॅन्युअल बनवताना टेकला कॅशे लिहायला जागा लागते आणि बिल्ड मशीनवर होम फोल्डर नसू शकतो, तेव्हा 'टेक्सएमएफव्हार' हे व्हेरिएबल बिल्ड फोल्डरच्या आत कुठेतरी दाखवा. लुआलाटेक असेल तर हे हमखास लागतं. पीडीएफमध्ये दरवेळी वेगळी तारीख येऊ नये म्हणून 'फोर्स-सोर्स-डेट' १ ठेवा, म्हणजे आजची तारीख छापणारी कमांडसुद्धा चेंजलॉगमधली तारीख घेते.

आता तो मघाचा धागा. फॉन्ट काढला, म्हणून क्लासला सिस्टिममधला फॉन्ट नावाने शोधायला लावावं लागलं, म्हणजे डीटीएक्सवर क्विल्ट या साधनाने केलेला पॅच आला, म्हणजे एलपीपीएलप्रमाणे ही बदललेली आवृत्ती. तर त्याच पॅचमध्ये 'प्रोव्हाइड्सक्लास' च्या ओळीत तारीख आणि आवृत्तीच्या पुढे 'डेबियनने बदललेली' अशा अर्थाचे दोन शब्द घाला. ती ओळ कंपाइल करताना लॉगमध्ये छापली जाते, वापरणाऱ्याला कळतं की ही मूळ नाही, आणि बग आला तर मूळ लेखकाच्या डोक्याला ताप होत नाही. काय काढलं आणि का, ते 'रीडमी डॉट डेबियन' मध्ये लिहा, मूळ कुठे मिळेल तो पत्ताही. पॅचच्या माथ्यावर वर्णन आणि 'फॉरवर्डेड' ची ओळ, लेखकाला पाठवला का नाही ते.

मग 'एसबिल्ड' ने स्वच्छ क्रूटमध्ये (वेगळ्या, कोऱ्या सिस्टिममध्ये) बिल्ड, स्वतःच्या मशीनवर बनलं म्हणजे बनलं असं नाही. मग लिंटियन आणि पायूपार्ट्स (पॅकेज नीट चढतं-उतरतं का ते बघणारं) चालवा. ऑटोपीकेजीटेस्टमध्ये (पॅकेजच्या आपोआप चालणाऱ्या टेस्ट) दहा ओळींचं डॉक्युमेंट कंपाइल करणारी एक टेस्ट तरी ठेवा, टेक लाइव्हची नवी आवृत्ती येते तेव्हा मोडलेलं पहिलं तिथेच दिसतं. अपलोडचा हक्क नसेल तर मेंटर्स या डेबियनच्या साइटवर टाकून स्पॉन्सर (तुमच्या वतीने अपलोड करणारा) शोधा, नवीन पॅकेज 'न्यू' रांगेत जातं आणि तिथे एक माणूस तुमची कॉपीराइट फाइल टारबॉलशी ताडून बघतो. त्या रांगेत किती दिवस लागतील हे विचारू नका. परत आलं तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांनी दाखवलेली फाइल बघा, आणि तसल्याच अजून किती सुटल्यात तेही बघा, कारण एक सापडली म्हणजे सहसा दोन असतात. फेडोराला द्यायचं असेल तर हीच यादी उपयोगी पडते, फक्त तिथे लायसन्सची नावं एसपीडीएक्स या मानक यादीच्या स्पेलिंगमध्ये लागतात.

आत गेल्यावरही एक काम उरतं आणि ते दर रिलीजला करावं लागतं. नवीन टारबॉल आला की जुन्या आणि नव्या फाइलींच्या याद्या काढून 'डिफ' लावा, आणि यादीत नवीन दिसणाऱ्या प्रत्येक फाइलीचा माथा वाचा. मी सांभाळतो त्यातल्या एका क्लासच्या लेखकाने गेल्या खेपेला फोल्डर जरा नीटनेटके करायचे म्हणून 'फॉन्ट्स' चं नाव बदलून 'टाइपफेसेस' केलं, माझी गाळायची ओळ जुन्या नावाला बसलेली, यूस्कॅनने इमानदारीत काहीच गाळलं नाही आणि तोच वैयक्तिक वापराचा फॉन्ट डीएफएसजी नाव लावलेल्या टारबॉलमध्ये मजेत येऊन बसला. अपलोडच्या आधी डिफ बघितला म्हणून दिसला. आता गाळायच्या यादीत फोल्डरचं नाव नाही, स्टार डॉट ओटीएफ आहे.